विसराळू सर्व्हर आणि त्याचा बिल्ला

देवळाच्या दाराशी वहाणा ठेवल्या, म्हणजे तेथील मनुष्य आपल्या हाती क्रमांकाचा एक बिल्ला देतो. परत आल्यावर तो आपला चेहरा पाहत नाही, बिल्ला पाहतो. इंटरनेटवरील आपला पुष्कळसा व्यवहार याच रीतीने चालतो.

ज्या दूरच्या संगणकाकडून आपण पाने मागवितो, त्यास सर्व्हर म्हणतात. हा सर्व्हर मोठा विसराळू! मागणी व उत्तर यांची देवघेव ज्या नियमांनी होते, त्या एचटीटीपीमध्ये प्रत्येक मागणी स्वतंत्र मानलेली आहे. रेल्वेचे तिकीट काढताना आपण प्रथम नाव व पासवर्ड दिला आणि मग गाडी निवडली, असे समजा. ही दुसरी मागणी त्याच माणसाची आहे, हे त्या नियमांवरून सर्व्हरला कळत नाही.

१९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू मॉन्टुली याने यावर तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक लहानशी चिठ्ठी धाडावी, ब्राउझरने ती जपावी आणि पुढील प्रत्येक मागणीबरोबर परत दाखवावी. या चिठ्ठीला ‘कुकी’ असे खाऊचे नाव पडले. पुष्कळदा तिच्यावर नावगाव नसते, केवळ एक क्रमांक असतो. तो क्रमांक कोणाचा, त्याने काय निवडले, ही हकिकत सर्व्हर आपल्यापाशी नोंदून ठेवतो. ही नोंद जोवर चालू, तोवर ते ‘सेशन’.

आता यातील धोका पाहा. बिल्ला ज्याच्या हाती, तोच धनी! क्रमांक ओळीने दिले, तर ४१ क्रमांकाचा लबाड गृहस्थ ४२ सहज सांगेल. म्हणून ते कोणत्याही क्रमावाचून काढतात. १२८ बिटांचे क्रमांक एकूण किती होतील, ती संख्या लिहिण्यास ३९ अंक लागतात. असा क्रमांक तर्काने सापडत नाही. पण वाटेत चोरता येतो. २०१० साली एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचे साधन प्रसिद्ध करून हे उघडकीस आणले. त्या काळी अनेक संकेतस्थळे पासवर्ड तेवढा सांकेतिक लिपीत नेत, कुकी मात्र उघडी धाडीत. खुल्या वायफायवर बसलेल्या शेजाऱ्याची कुकी उचलून त्याच्या नावाने वावरणे त्यामुळे कोणासही शक्य होते. पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच नव्हती! पुढे बहुतेक मोठ्या संकेतस्थळांनी सारीच देवघेव सांकेतिक केली.

वाचनालयातील संगणकावर काम संपवून नुसती खिडकी मिटली, तर बिल्ला तेथेच राहू शकतो आणि मागून येणारा मनुष्य आपल्या नावाने आत शिरतो. ‘लॉगआउट’ केले, की सर्व्हर त्या क्रमांकाची नोंद पुसतो. आपण विसरलोच, तर बऱ्याच ठिकाणी काही काळ हालचाल न झाल्यास तो ती आपण होऊन पुसतो. बँकांत ही मुदत बहुधा काही मिनिटांचीच असते.