मोटारसायकलवरच्या मुक्कामाचं जेवण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारदऱ्याच्या काठावर एका रात्रीचा तंबू असो की मनाली-लेह रस्त्यावरची लांबची स्वारी, निघण्याआधी टायर, चेन, ब्रेक सगळं बारकाईने तपासलं जातं. जेवणाचं मात्र ‘बघू वाटेत’. दमलेल्या, उपाशी माणसाचं लक्ष रस्त्यावरून उडतं. म्हणून जेवणाची आखणी हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. त्याबद्दलच्या काही पक्क्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज: इन्स्टंट नूडल्स घेतल्या की भागलं.

वस्तुस्थिती: नूडल्सच्या सुमारे ७० ग्रॅमच्या पाकिटात प्रथिनं साधारण ६-७ ग्रॅम असतात आणि मीठ भरपूर. तेवढ्याच वजनाच्या शेंगदाण्यांत प्रथिनं १७-१८ ग्रॅम, शिवाय स्टोव्हही पेटवावा लागत नाही. शेंगदाण्याची चटणी, चिक्की, सातूचं पीठ, मेतकूट हे सगळं हलकं, टिकाऊ आणि पोटभरीचं आहे. पहिल्या दिवसासाठी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या घ्याव्यात.

गैरसमज: सगळा स्वयंपाक मुक्कामावरच करायला हवा.

वस्तुस्थिती: चिरणं, भाजणं, फोडणी ही कामं घरीच उरकता येतात. उपम्याचंच पाहा. रवा खमंग भाजायचा. मोहरी, उडदाची डाळ, मिरच्या, कढीपत्ता यांची फोडणी करून मिरच्या-कढीपत्ता अगदी कुरकुरीत होऊ द्यायचा. ओलावा राहिला तर मिश्रण टिकत नाही. मग रवा आणि मीठ मिसळून, पूर्ण गार करून पिशवीत भरायचं. मुक्कामावर एक वाटी मिश्रणात दोन-अडीच वाट्या उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाकून ठेवलं की उपमा तयार. इंधन वाचतं आणि घासायला एकच पातेलं उरतं.

गैरसमज: पाणी खळखळ उकळलं की काहीही शिजतं.

वस्तुस्थिती: उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे पाणी लवकर, म्हणजे कमी तापमानालाच उकळतं. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू जवळपास १ अंशाने उतरतो. मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे पाणी ८६ अंशांच्या आसपास उकळतं, आणि उघड्या पातेल्यातली तूरडाळ बराच वेळ आच देऊनही कच्चटच राहते. छोटा कुकर नसेल तर डाळ-तांदळाचा नाद सोडावा. पोहे मात्र तयार होतानाच भाजले जातात, म्हणून ते भिजवले की पुरे.

गैरसमज: डबा भरलेला आहे, म्हणजे गॅस पेटणारच.

वस्तुस्थिती: डब्यातलं इंधन द्रवरूप असतं. त्याचा वायू झाला तरच ज्योत मिळते. साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच अडतो. थंडीसाठी आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला डबा घ्यावा. डबा गार पडला म्हणून तो ज्योतीवर तापवणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: पाऊस आला तर तंबूत स्टोव्ह लावावा, चेन थोडी उघडी ठेवली की झालं.

वस्तुस्थिती: जळणाऱ्या स्टोव्हमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यामुळे धोका कळेपर्यंत उशीर होतो. तंबूच्या कापडाला आग लागण्याची भीती वेगळीच. तंबूत स्टोव्ह कधीच लावू नये. अशा रात्रीसाठी न शिजवता खाता येईल असं एक जेवण हाताशी ठेवावं.

गैरसमज: रात्रीचा भात सकाळी कडक तापवला की बाधत नाही.

वस्तुस्थिती: ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. मुक्कामावर फ्रिज नसतो, तेव्हा खाऊन संपेल तेवढंच शिजवावं.

आखणी कशी करावी? प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी करून तिच्यावर दिवस आणि पाण्याचं माप लिहावं. पाणी आणि जड सामान खाली, गाडीच्या मध्याजवळ बांधावं. इंधन आणि अन्न एका बॅगेत ठेवू नये. आणि एका दिवसाचं जेवण जास्तीचं घ्यावंच, कारण डोंगरातला रस्ता दरड कोसळून केव्हाही बंद होतो, आणि तो उघडेपर्यंत आपलं पोट आपल्यालाच सांभाळावं लागतं.