उदयभानू ते राऊ

सिंहगडाच्या लढाईचा प्रेमाशी काही संबंध नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला, उदयभानू राठोड तिथला किल्लेदार झाला आणि ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तो आणि तानाजी मालुसरे असे दोघेही त्याच गडावर पडले. इतिहासाला एवढं पुरतं. हरि नारायण आपट्यांना ते पुरलं नाही.

१९०३ सालच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत हरिभाऊंनी एक कमलकुमारी आणली. सती जायला निघालेली ही राजपूत स्त्री. तिच्यासाठी वेडापिसा झालेला उदयभानू तिला पळवतो आणि कोंढाण्यावर आणून ठेवतो. तिचा नकार त्याच्या कानातच शिरत नाही. नकार जितका ठाम, तितका याचा हट्ट चढत जातो. एका किल्ल्याची लढाई मग एका बाईच्या अब्रूचीही लढाई होते आणि वाचक पान उलटत राहतो. ही जोड इतकी पक्की बसली, की बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये याच कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला आणि १९३३ मध्ये प्रभातने बोलपट. २०२० च्या ‘तान्हाजी’तही उदयभानूच्या कैदेत एक राजकन्या आहेच. सव्वाशे वर्षं हा माणूस तिला सोडायला तयार नाही.

हरिभाऊंच्या पिढीने वॉल्टर स्कॉट मनापासून वाचला होता. स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’त (१८१९) ब्रायन द ब्वागिल्बेर हा योद्धा रिबेका या ज्यू तरुणीला पळवून नेतो, तिच्यापायी प्रतिष्ठा पणाला लावतो आणि शेवटच्या द्वंद्वात शत्रूच्या घावाने नव्हे, तर स्वतःच्याच मनातल्या वादळाने घोड्यावरून कोसळून मरतो. स्कॉटला या माणसाचा मोह पडला होता हे वाचताना जाणवतं. तरीही त्याने त्याला नायक केलं नाही. हरिभाऊंनीही उदयभानूला केलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या हिशेबात झपाटलेला पुरुष कितीही रंगतदार असला, तरी त्याची जागा खलनायकाच्या रांगेत.

सिंदेवाही, नवरगाव, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यातल्या माणसाला ही रांग वेगळी समजावून सांगावी लागत नाही. धान घरात आलं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत. गावात मंडई भरते किंवा शंकरपट असतो, पाहुणेरावळे जमतात आणि रात्री मंडपात नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. आता सामाजिक नाटकांची चलती असली, तरी एकेकाळी पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांनीही ही थंडीची रात्र जागवली आहे. नकार देणाऱ्या नायिकेचा हात धरणारा माणूस इथल्या मंचावर आला की त्याचा निवाडा मंडपातच होतो. आई, सून, शेजारीण, म्हातारा सासरा असे सगळे एकत्र बसून बघत असतात. अशा गर्दीसमोर हट्टी पुरुषाला प्रेमवीर म्हणून खपवणं फार अवघड.

कादंबरी मात्र एकट्याने वाचायची असते. लेखक वाचकाला हळूहळू त्या माणसाच्या डोक्यात नेऊन बसवतो. बाहेरून जो हट्ट दिसतो, तो आतून तगमग म्हणून कळतो. झपाटलेला पुरुष मराठीत खलनायकाच्या रांगेतून उठून नायकाच्या जागी बसला, तो या एकांतातल्या वाचनाच्या आधाराने. रंगभूमीवर असा नायक झालाच नाही, असं नाही. देवलांनी १८९० मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला आणि गणपतराव जोशांनी ती भूमिका गाजवली. पण संशयाने पेटलेल्या त्या नायकाला अखेर स्वतःच्या हाताने स्वतःचाच शेवट करावा लागतो.

मराठीतला हा मोठा बदल घडवला ना. सं. इनामदारांनी. त्यांची माणसंच मुळी झपाटलेली. ‘झेप’मधला त्रिंबकजी डेंगळे, ‘झुंज’मधला यशवंतराव होळकर, इतिहासाने बदनाम केलेली किंवा बाजूला सारलेली माणसं त्यांनी एकेका ध्यासाच्या बळावर उभी केली. १९७२ च्या ‘राऊ’मध्ये हा ध्यास एका स्त्रीचा झाला. बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावून गेलेला पहिला बाजीराव, १७२९ ची ती मोहीम, मस्तानीचं पुण्यात येणं, नव्या शनिवारवाड्यात पडलेली फूट. घरात मुंज आणि लग्न निघालं, तर हे दोघे असताना आम्ही कार्याला बसणार नाही, अशी ब्रह्मवृंदाची अट. पाठच्या भावाने आणि पोटच्या मुलाने मस्तानीला कैदेत टाकलं. बाजीराव तिच्यापासून दूर, नर्मदाकाठी रावेरखेडी इथे २८ एप्रिल १७४० रोजी गेला. वय चाळिशीच्याही आत. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे.

उदयभानूशी ताडून पाहिलं, की इनामदारांनी काय केलं ते लख्ख दिसतं. मस्तानीला राऊने पळवलेलं नाही. तिचंही त्याच्यावर तितकंच मन आहे, आणि कैद झाली ती प्रियकराकडून नव्हे, घरच्यांकडून. शिवाय ध्यासाची किंमत राऊ स्वतः मोजतो. भाऊ, आई, मुलगा, समाज एकेक करून तुटत जातात. लढाई न हरलेला हा सेनापती आपल्याच माजघरात हरतो. वाचक त्याच्या बाजूने उभा राहतो तो इथे.

त्याच १९७२ साली अमेरिकेत कॅथलीन वूडिविस यांची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ ही ऐतिहासिक प्रेमकादंबरी निघाली. स्वस्त कागदी बांधणीतल्या या पुस्तकाचा तडाखेबंद खप झाला आणि तशा कादंबऱ्यांची रीघ लागली. त्यातला नायक नायिकेवर आधी बळजबरी करतो आणि पुढे तिच्याच प्रेमात पडतो. उदयभानू जे करून खलनायक ठरला, त्याहून वाईट करून हा नायक राहतो आणि शेवटी संसारही थाटतो. पुढे तिकडच्याच वाचक स्त्रियांनी आणि लेखिकांनी या बळजबरीवर कडक टीका केली, ती रास्तच होती. मराठी ऐतिहासिक कादंबरीची मुख्य वाट त्या दिशेला गेली नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. ‘स्वामी’ने (१९६२) तर दुसऱ्याच टोकाचा, संयमी माधवराव घराघरांत पोचवला होता.

तरी ‘राऊ’च्या हिशेबातही एक बाकी राहते, काशीबाईंची. नवऱ्याच्या वेडाची किंमत त्यांनीही मोजली आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. रावेरखेडीला बाजीरावाच्या शेवटच्या दिवसांत जवळ होत्या त्या काशीबाई. मस्तानीच्या पोरक्या मुलाला, समशेर बहादूरला, पेशव्यांच्या घरात आधार मिळाला तो त्यांच्या मायेने. माहेरी, चासला, त्यांनी १७४९ मध्ये सोमेश्वराचं मंदिर बांधलं, ते आजही उभं आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणलेल्या मस्तानी महालाचे कोरीव लाकडी खांब बघायला गर्दी होते. चासच्या मंदिरात काशीबाईंची आठवण काढणारे त्या मानाने थोडे. कादंबरीने आणि २०१५ च्या सिनेमाने नजर जिकडे वळवली तिकडे लोक गेले.

इनामदारांना ही उणीव जाणवली असेल का? त्यांनी नंतर ‘शिकस्त’ लिहिली. तिच्या केंद्रस्थानी सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर नवरा पडला, हे तिने कधीच मान्य केलं नाही. कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊंचा तोतया निघाला, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, तरी तिची वाट पाहणं थांबलं नाही. राऊच्या ध्यासाला निदान सत्ता होती, घोडदळ होतं. पार्वतीबाईच्या ध्यासाला एका बंद खोलीपलीकडे काही नव्हतं. ‘राऊ’चा गाजावाजा जास्त असला, तरी माणूस म्हणून जास्त हलवून टाकते ती ‘शिकस्त’.

असं कथानक शोधायला सिंदेवाहीच्या वाचकाने पुण्याकडेच पाहायला हवं, असंही नाही. गाडीने चंद्रपूर गाठावं. अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत भव्य बीरशाहची. १७०४ च्या सुमारास बीरशाहचा खून झाला. राणी हिराईने रामशाहला दत्तक घेतलं, त्याच्या नावाने कारभार सांभाळला आणि नवऱ्यासाठी ही दगडी समाधी उभारली. राज्य राखायचं, वारस घडवायचा आणि दुःखही विसरायचं नाही, असं तिहेरी ओझं तिने वर्षानुवर्षं वाहिलं. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत रमलेल्या लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीने चांद्याच्या परकोटाकडे फार थोडं लक्ष दिलं. हिराईवर मोठी कादंबरी यायची, तर ती झाडीची बोली कानात असलेल्या, जटपुरा दरवाजातून रोज ये-जा केलेल्या माणसाने लिहावी. आणि तिचं नाटक व्हायचं असेल, तर पहिला प्रयोग नवरगावच्या किंवा सिंदेवाहीच्या मंडपात व्हावा.