‘अड्यू’ म्हणजे नक्की काय?

इंग्रजी पेपर वाचणाऱ्यांना ‘अड्यू’ हा शब्द नवा नाही. एखादा क्रिकेटपटू निवृत्त झाला की मथळ्यात तो हमखास दिसतो. आता तो आपल्या व्हॉट्सअॅपवरही आलाय. आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा नोकरीसाठी दुबईला निघाला, तेव्हा दोस्तांनी स्टेटस ठेवलं, ‘अड्यू भाई’. त्याच्या अम्मीने अर्थ विचारला, तर कुणालाच धड सांगता येईना. ‘बाय-बायच असतं ते’, एवढंच उत्तर मिळालं. म्हणून म्हटलं, जरा समजून घेऊ या.

हा शब्द मूळचा फ्रेंच. ‘आ’ म्हणजे ‘कडे’ आणि त्यापुढचा भाग म्हणजे देव. दोन्ही मिळून अर्थ होतो, ‘तुला देवाच्या हवाली करतो’. 14व्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला. स्पॅनिश ‘आदिओस’, इटालियन ‘अद्दिओ’, पोर्तुगीज ‘अदेउस’ ही त्याचीच भावंडं. यातला ‘अदेउस’ तर आपल्या शेजारी गोव्यात पोहोचला. तिथल्या एका प्रसिद्ध मांडोची सुरुवातच या शब्दाने होते. खुद्द इंग्रजांचा ‘गुडबाय’ही ‘देव तुझ्यासोबत असो’ या वाक्याचा घासून घासून छोटा झालेला तुकडा आहे.

आता आपल्याकडे बघा. ‘खुदा हाफिज’ म्हणजे खुदा तुझं रक्षण करो. ‘फी अमानिल्लाह’ म्हणजे अल्लाहच्या संरक्षणात जा. भाषा वेगळ्या, मुलूख वेगळे, पण आपलं माणूस नजरेआड होताना प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट येते: इथून पुढे माझा हात पोहोचणार नाही, आता तूच सांभाळ.

मग ‘अड्यू’ आणि ‘खुदा हाफिज’ एकच का? नाही. गोची इथेच आहे. दक्षिण फ्रान्समध्ये काही ठिकाणी ‘अड्यू’ भेटल्यावरही म्हणतात, पण बाकी फ्रेंच माणूस तो रोज वापरत नाही. रोजच्या निरोपाला तो ‘ओ रव्वार’ म्हणतो, म्हणजे ‘पुन्हा भेटेपर्यंत’. ‘अड्यू’ ठेवलाय तो फार लांबच्या किंवा कायमच्या ताटातुटीसाठी. थोडक्यात, अर्थाने तो ‘खुदा हाफिज’ आणि वापरात ‘अलविदा’. इंग्रजीतही त्यात ही छटा उतरली आहे.

म्हणूनच गणपती विसर्जनाच्या बातमीत ‘अड्यू’ वाचलं की गंमत वाटते. लोक ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतात आणि मथळा कायमचा निरोप देतो!

तेव्हा निवृत्त होणाऱ्या खेळाडूच्या मैदानाला ‘अड्यू’ शोभतो. प्रवासाला निघालेल्याला ‘बों व्हॉयाज’ म्हणावं, म्हणजे प्रवास सुखाचा होवो. आणि दुबईला जाणाऱ्या पोराला? मराठी घरात निघताना ‘जातो’ म्हणू देत नाहीत, ‘येतो’ म्हणायला लावतात. त्या अम्मीनेही दारात तेच केलं. ‘फी अमानिल्लाह’ म्हणाली आणि लगेच विचारलं, ‘ईदला येशील ना?’