लॅपटॉपला ऐकू का येईना?

बालमित्रांनो, "तुझा आवाज येत नाहीये!" हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? सगळ्यांनीच, हो ना? मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि नंतर घरातल्या पडद्यावर वर्ग भरू लागले, तेव्हा तर दिवसातून दहा वेळा हे ऐकू यायचं. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण हे वाक्य काही गेलं नाही. कुणाची पेटीची शिकवणी लॅपटॉपवर असते, तर कुणाची मावशी परदेशातून बोलते. अशा वेळी नेमका माइक रुसून बसतो.

आमच्या शेजारच्या घरात असंच झालं. तिथं सातवीत शिकणारी एक मुलगी राहते. तिला आपण ताई म्हणू आणि तिच्या तिसरीतल्या भावाला छोटू. ताईची कथाकथनाची स्पर्धा होती. परीक्षक दुसऱ्या गावी, स्पर्धक आपापल्या घरी. पंधरा दिवस ताई आरशासमोर उभी राहून गोष्ट सांगत होती. आमच्या घरातल्या मांजरालासुद्धा ती गोष्ट पाठ झाली असेल!

स्पर्धेच्या सकाळी आधी लॅपटॉपमधून आवाजच बाहेर येईना. छोटूनं खटपट करून त्या प्रोग्रॅममध्ये स्पीकर बदलून दिला आणि परीक्षकांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. सगळे खूश! ताईचं नाव पुकारलं गेलं. ताईनं नमस्कार केला, हातवारे करत गोष्ट सुरू केली. मिनिटभरानं परीक्षक बाई म्हणाल्या, "बाळ, तुझे ओठ हलताहेत, पण आवाज येत नाहीये."

मग जी धांदल उडाली म्हणता! आईनं लॅपटॉप हलवून पाहिला, बाबांनी दोनदा बंद-चालू केला. शेवटी बाबांच्या मोबाइलवरून ताईनं गोष्ट सांगितली खरी, पण गळा दाटून आला होता आणि मधला एक प्रसंग ती चक्क विसरली. सगळ्यांचा राग निघाला छोटूवर. "तूच सकाळी काहीतरी दाबलंस!" छोटू बिचारा पलंगाखाली जाऊन बसला. बाबांनी दुरुस्तीच्या दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, "बोर्ड गेला असेल, आणून ठेवा."

मंडळी, लॅपटॉप दुकानात जायच्या आधी, संध्याकाळी मला बोलावणं आलं. पुढं काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी लॅपटॉपचा हा कान असतो तरी कसा, ते पाहू या.

टाचणीच्या टोकाएवढा कान

लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या आजूबाजूला नीट बघा. एक-दोन बारीक भोकं दिसतील. काही लॅपटॉपमध्ये ती कळफलकाजवळ असतात. त्या भोकामागं माइक असतो. तुम्ही बोलता तेव्हा हवेत लाटा उठतात. त्या भोकातून आत शिरतात आणि एका अतिशय पातळ पडद्याला थरथरवतात, अगदी तुमच्या कानाच्या पडद्यासारख्या. या पडद्याशेजारी एक स्थिर पट्टी असते. पडदा थरथरला की दोघांमधलं अंतर कमी-जास्त होतं आणि त्याप्रमाणे विजेचा संकेत बदलतो. मग हा संकेत सेकंदाला हजारो वेळा मोजला जातो. संगणकात बहुतेक वेळा सेकंदाला ४८,००० वेळा! त्या मोजमापांचे आकडे म्हणजेच तुमचा आवाज.

माइक इतका छोटा आणि स्वस्त होण्याचं श्रेय बरंचसं जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर या दोघांना जातं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६२ साली त्यांनी 'इलेक्ट्रेट' माइक तयार केला. विजेचा भार स्वतःत धरून ठेवणारी पातळ फिल्म त्यांनी वापरली. टेलिफोन, टेपरेकॉर्डर, श्रवणयंत्रं अशा कितीतरी ठिकाणी हा माइक पोचला. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये त्याहून लहान, सिलिकॉनवर कोरलेला माइक असतो.

गंमत सांगू? हे वेस्टसाहेब लहानपणी मोठे उचापती होते. आठ वर्षांचे असताना त्यांनी एक बिघडलेला रेडिओ खटपट करून जोडला आणि त्याची वायर छतावरच्या दिव्याच्या सॉकेटमध्ये खुपसली. बसला ना जोरदार झटका! पण घाबरण्याऐवजी वीज म्हणजे काय, याचं वेडच त्यांना लागलं. अर्थात तुम्ही झटक्याचा हा प्रयोग मुळीच करायचा नाही, बरं का! आपण आज जे करणार आहोत, त्यात काही उघडायचं नाही की वायर ओढायची नाही.

पाटाचं पाणी अडलं कुठं?

तुम्ही शेतात पाणी देताना पाहिलं आहे का? विहिरीतलं पाणी पाटातून वाफ्यात येतं. वाफा कोरडा राहिला, तर शेतकरी लगेच नवी विहीर खणायला घेत नाही. तो पाटाच्या कडेनं चालत जातो आणि पाणी कुठपर्यंत आलं आहे ते बघतो. जिथं ते थांबलं, तिथंच अडथळा.

आवाजाचंही तसंच. तुमच्या तोंडातून निघालेला आवाज आधी भोकात, मग माइकमध्ये, मग विंडोजमध्ये, मग बोलण्याच्या प्रोग्रॅममध्ये आणि शेवटी इंटरनेटवरून समोरच्या माणसाकडे जातो. शोध घ्यायची युक्ती अशी की, सुरुवात पाटाच्या मध्यापासून करायची. विंडोजमध्ये 'साउंड रेकॉर्डर' नावाचा साधा प्रोग्रॅम असतो. तो उघडा, दहा सेकंद बोला आणि परत ऐका. आवाज नीट आला, तर लॅपटॉप आणि माइक ठणठणीत आहेत, घोटाळा पुढं आहे. आवाज आला नाही, तर घोटाळा लॅपटॉपमध्येच आहे, इंटरनेटला उगाच बोल लावू नका. बघा, एका चाचणीत निम्मं काम झालं!

आता एकेक दार तपासू या.

पहिलं दार: बटण. बऱ्याच लॅपटॉपच्या कळफलकावर माइकचं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ असलेलं बटण असतं. पुसताना ते चुकून दाबलं जातं. काही ठिकाणी त्यात लहान दिवाही असतो. ते पुन्हा एकदा दाबून बघा. काही लॅपटॉपवर त्याबरोबर 'एफएन' हे बटणही दाबावं लागतं.

दुसरं दार: भोक. कॅमेरा झाकायला चिकटवलेली पट्टी किंवा स्टिकर माइकच्या भोकावर आला नाही ना? धूळ असेल तर कोरड्या, मऊ ब्रशनं हलकेच झटका. टाचणी किंवा सुई मात्र कधीही आत घालू नका. आतला नाजूक पडदा फाटला, तर खरोखरच दुकान गाठावं लागेल.

तिसरं दार: कोणता कान? लॅपटॉपला एकापेक्षा जास्त कान असू शकतात. एक स्वतःचा, एक वायरच्या हेडफोनचा, एक ब्लूटूथचा. 'सेटिंग्ज' उघडा, 'सिस्टिम'मध्ये 'साउंड'वर जा आणि 'इनपुट' बघा. तिथं माइकची यादी असते. निवडलेला माइक कोणता, त्याचा आवाज शून्यावर तर नाही ना, हे तपासा. बोलताना तिथली पट्टी हलली पाहिजे. वायरचा हेडफोन असेल, तर त्याच्या पिनेवरच्या रेघा मोजा. दोन असतील तर तो नुसता ऐकण्यासाठी, तीन असतील तरच त्याला माइक.

चौथं दार: दुभाष्या. माइक आणि विंडोज यांची भाषा वेगळी. त्यांच्यात 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्रॅम दुभाष्याचं काम करतो. तो अडखळला की लॅपटॉप 'रीस्टार्ट' करावा. यादीत माइकचं नावच नसेल, तर मोठ्यांना बरोबर घेऊन 'डिव्हाइस मॅनेजर' बघा. माइक तिथं बंद करून ठेवला असेल, तर चालू करता येतो.

पाचवं दार: परवानगी. 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त 'मायक्रोफोन' हे पान असतं. कोणत्या प्रोग्रॅमनं तुमचं ऐकायचं, ते इथं ठरतं. ब्राउझरमधून बोलत असाल, तर त्याचीही वेगळी परवानगी लागते. वर पत्त्याशेजारच्या खुणेवर टिचकी मारून ती देता येते.

सहावं दार: बोलण्याचा प्रोग्रॅम. त्याच्यातही माइकचं स्वतंत्र बटण आणि स्वतंत्र निवड असते. दुसरा एखादा प्रोग्रॅम माइक अडवून बसला असेल, तर तो बंद करा. गाणं शिकणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. हे प्रोग्रॅम पंख्याची घरघर गाळून टाकतात. त्यांना तानपुऱ्याचा एकसारखा सूरही घरघरच वाटते आणि तोही गाळला जातो! मग गुरुजींना तुमचा तानपुरा ऐकूच जात नाही. अशा वेळी आवाज गाळण्याची ती सोय बंद करायची.

आणि घंटा वाजली!

आता चला ताईच्या घरी. दिवेलागणीची वेळ होती. मी ताईला साउंड रेकॉर्डरवर बोलायला सांगितलं. ताई बोलली. आम्ही ते परत ऐकलं. ताईचा आवाज जवळजवळ नाहीच! पण एक आवाज मात्र स्वच्छ आला होता. टिण टिण टिण!

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पलंगाखालून छोटूचं डोकं बाहेर आलं. तो म्हणाला, "काका, ही तर आजीची देवघरातली घंटा! ती आतल्या खोलीत वाजते. इतकी जवळून कशी ऐकू आली?"

शाब्बास रे पठ्ठ्या! आम्ही 'इनपुट'ची यादी उघडली. तिथं निवडलेला होता बाबांचा ब्लूटूथ नेकबँड. आदल्या रात्री बाबांनी लॅपटॉपवरच ऑफिसची मीटिंग केली आणि नेकबँड बंद न करता तसाच देवघराजवळच्या खुंटीला अडकवला. सकाळी लॅपटॉप सुरू होताच तो आपोआप जोडला गेला. म्हणूनच आधी लॅपटॉपमधून आवाज येत नव्हता. छोटूनं स्पीकर बदलून अर्धं काम बरोबर केलं होतं, माइक बदलायचा तेवढा राहून गेला. लॅपटॉप बहिरा झाला नव्हताच. तो मन लावून ऐकत होता, पण खुंटीवरून!

यादीतला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला आणि ताई नुसतं "हॅलो" म्हणाली, तर पट्टी टुणकन उडाली. दोन टिचक्यांचं काम. बोर्ड नाही, दुकान नाही, खर्च नाही.

बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग पलंगापाशी खाली वाकून म्हणाले, "छोटू, चूक माझी होती. तुला उगाच बोललो." ताईनं तर त्याला सबंध गोष्ट पुन्हा सांगून दाखवली, विसरलेल्या प्रसंगासकट. स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं नाही. पण पुढच्या वेळी अर्धा तास आधी माइक तपासायचं काम छोटूकडे, असं त्याच रात्री ठरलं.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. यंत्र बिघडलं की घरातल्या सगळ्यात लहान माणसावर संशय घेणं सोपं असतं. त्याऐवजी त्यालाच शोधाला बरोबर घ्या. आणि माइकची परवानगी देताना मुलांच्या शेजारी बसा. चित्रं रंगवण्याच्या खेळाला आपलं बोलणं ऐकायची काय गरज? ज्याला गरज आहे त्यालाच दार उघडायचं, बाकीच्यांना बंद.

बालमित्रांनो, आज एवढं करून पाहा. लॅपटॉपवर माइकचं भोक शोधा. साउंड रेकॉर्डरवर आपलं नाव तीनदा बोला. एकदा लॅपटॉपसमोर, एकदा दाराशी उभं राहून आणि एकदा माइकचं भोक बोटानं झाकून. तिन्ही आवाजांत काय फरक पडतो, ते वहीत लिहून ठेवा. म्हणजे पुढच्या वेळी "आवाज येत नाहीये" असं कुणी म्हटलं, तर रडायचं नाही की भांडायचं नाही. सरळ पाटाच्या कडेनं चालू लागायचं!