आधी वांग, मग शिरा

त्वचारोगतज्ज्ञाच्या टेबलावर काचेची एक साधी पट्टी असते. ती गालावर दाबली की रक्त बाजूला सरते आणि लालसर बारीक शिरा दिसेनाशा होतात. वांगाचा तपकिरी डाग मात्र जिथल्या तिथे राहतो. पट्टी उचलताच शिरा पुन्हा भरतात. त्याच जागी डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारे भिंग) टेकवला तर तपकिरी जाळी आणि तिच्यातून गेलेल्या, फाटे फुटलेल्या लाल रेषा एकाच वेळी दिसतात. तोही हलकेच टेकवावा लागतो, कारण जोर पडला तर रेषा पुसल्या जातात आणि फक्त रंग पाहून निदान होते. चेहऱ्यावर ही दोन्ही असली की बहुतेकांना शिरांचाच त्रास जास्त वाटतो. वांगाची सवय झालेली असते, लाल रेषा नव्या असतात, आणि त्या लेझरने जातात हे कानावर आलेले असते. माझे म्हणणे असे, की गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर वांग असेल तर लेझरपासून सुरुवात करणे चूक आहे. आधी शिरा का आल्या ते शोधायचे, मग वांग शांत करायचे आणि त्यातूनही उरतील त्या शिरांना शेवटी हात लावायचा.

या क्रमामागे प्रकाशाचे गणित आहे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी 1983 साली एक तत्त्व मांडले: प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताचा कालावधी नीट निवडला, तर त्वचेतले नेमके एकच लक्ष्य तापवता येते आणि आजूबाजूची त्वचा वाचते. शिरांच्या बाबतीत ते लक्ष्य म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन. शिरांसाठी वापरले जाणारे 532 आणि 595 नॅनोमीटरचे लेझर हिमोग्लोबिन चांगले शोषते. अडचण अशी, की त्याच लांबीचा प्रकाश मेलॅनिनही शोषते, आणि मेलॅनिन शिरेच्या वर, वाटेतच बसलेले असते. गोऱ्या युरोपीय त्वचेत ते इतके कमी, की झोत जवळपास अडथळ्याविना शिरेपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या त्वचेत, त्यातही वांगाच्या डागात, झोताचा बराच भाग वरच अडतो. म्हणजे शीर पुरती तापत नाही आणि ज्या रंगपेशी आधीच चिडलेल्या आहेत त्यांना भाजल्याचा धक्का बसतो. अशी पेशी धक्क्याला रंग वाढवूनच उत्तर देते. शीर फिकट झाली आणि तिच्या जागी महिनाभरात तपकिरी पट्टा उमटला, तर तो सौदा कुणालाही परवडणारा नाही.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर असे, की 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर सावळ्या त्वचेसाठीच आहे, त्याला मेलॅनिनचा अडथळा नाही. यात तथ्य आहे, पण अर्धेच. या लांबीचा प्रकाश मेलॅनिन फार कमी शोषते हे खरे; पण हिमोग्लोबिनही तो कमीच शोषते, म्हणून शीर बंद करायला ऊर्जा खूप जास्त लावावी लागते. रुग्णाला चटका बसतो, आणि एकाच जागी झोत पुन्हा पुन्हा पडले तर त्वचेत खड्डा राहू शकतो. शिवाय वांग उष्णतेनेही भडकते. रंगपेशीने प्रकाश शोषला नाही तरी तिच्याभोवतीची त्वचा तापते, सुजते, आणि त्या सुजेचा इशारा तिला पुरतो. सुरक्षित यंत्र असते ही समजूतच घातक आहे. यंत्र तेच असले तरी हात कुणाचा, ऊर्जा किती, थंडावा कसा आणि त्या दिवशी वांग कोणत्या अवस्थेत, यावर परिणाम ठरतो.

पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न शिरा आल्या कुठून हा आहे, आणि भारतात त्याचे उत्तर अनेकदा ड्रेसिंग टेबलच्या खणात सापडते. अल्बर्ट क्लिगमन यांनी 1975 साली वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले. औषध म्हणून ते उत्तम आहे. अमेरिकेत अशा मिश्रणाला मान्यता मिळाली ती जेमतेम आठ आठवड्यांच्या वापरासाठी. आपल्याकडे तेच मेडिकलमधून मागून आणले जाते, गोरेपणाची क्रीम म्हणून वर्षानुवर्षे लावले जाते, जावेकडून नणंदेकडे जाते. स्टेरॉइडने सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसतो, म्हणून विश्वास बसतो. पुढे त्वचा पातळ होते, शिरांना आधार देणारे कोलॅजन झिजते, शिरा कायमच्या सैलावतात आणि पातळ त्वचेतून दिसू लागतात. ट्यूब बंद केली की चेहरा लाल होऊन आग होते, घाबरून ती पुन्हा सुरू होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे स्वतंत्र नाव दिले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, देशभरातल्या अनेक केंद्रांवरच्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. म्हणजे कित्येक चेहऱ्यांवर वांगाच्या उपचारानेच शिरा दिल्या आहेत. ट्यूब चालू ठेवून त्या लेझरने जाळत बसलात तर नव्या येतच राहणार. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली आणि काही महिने धीर धरला, तर त्वचा काही अंशी भरून येते, लाली ओसरते, बारीक शिरांपैकी काही दिसेनाशाही होतात. गरोदरपणात उगवलेल्या कोळ्याच्या आकाराच्या शिरांचेही तसेच. बाळंतपणानंतर त्यातल्या अनेक आपोआप विरतात. थांबणे हासुद्धा उपचार आहे.

इथे एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. वांगाच्या डागात आजूबाजूच्या त्वचेपेक्षा रक्तवाहिन्या अधिक आणि रुंद असतात, हे कोरियातल्या संशोधकांनी 2007 साली दाखवले. शिरा वांगाला खतपाणी घालत असतील, तर आधी शिरांचाच बंदोबस्त का करू नये? फ्रान्समध्ये हा प्रयोग झालाही: चेहऱ्याच्या एका बाजूला फक्त मिश्रणाची क्रीम, दुसऱ्या बाजूला क्रीम आणि शिरांचा लेझर. लेझरच्या बाजूचा फायदा उन्हाळ्यानंतरही टिकला, पण तो प्रामुख्याने उजळ त्वचेच्या रुग्णांत. तुलनेने गडद त्वचेच्या काहींना लेझरनेच डाग पडले. विचार बरोबर आहे, पण आपल्या त्वचेवर तो झोताने अमलात आणणे जोखमीचे ठरते. शिवाय वांगाला पोसणारे सूक्ष्म जाळे आणि आरशात दिसणारी जाड लाल रेघ एकच नव्हेत. रेघ घालवल्याने ते जाळे जातेच असे नाही.

दोन्ही आजारांना एकदम लागू पडणारे उपाय आहेत, आणि त्यात झोत नाही. ॲझेलिक ॲसिड 15 ते 20 टक्क्यांच्या क्रीममध्ये वांगालाही चालते आणि शिरांमागे अनेकदा असणाऱ्या रोझेशिया या चेहरा लाल करणाऱ्या आजारालाही. रुळलेली शीर त्याने जात नाही, पण सभोवतालची लाली आणि सूज उतरते. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड रंगपेशीचा भडका आणि रक्तवाहिन्यांची वाढ दोन्ही आवरते. मात्र गोळी घेण्यापूर्वी रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास आणि गर्भनिरोधक गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. सर्वांत मोठा वाटा सनस्क्रीनचा, तोही रंगीत सनस्क्रीनचा. वांगाला अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा निळा प्रकाशही चेतवतो. तो पांढऱ्या किंवा पारदर्शक सनस्क्रीनने पुरेसा अडत नाही, आयर्न ऑक्साइड असलेल्या तपकिरी छटेच्या सनस्क्रीनने अडतो. हेच सनस्क्रीन त्याच दिवशी शिरा आणि डाग दोन्ही झाकते. त्यामुळे ‘तोवर तोंड लपवून फिरायचे का’ या रास्त तक्रारीचेही ते उत्तर आहे. महागडे सनस्क्रीन शेतात राबणाऱ्या बाईला परवडत नाही, हे मान्यच करायला हवे. तिच्यासाठी घट्ट विणीचा पदर, रुंद काठाची टोपी आणि चुलीच्या धगीपासून शक्य तेवढे अंतर हेच पहिले औषध. पुण्यात दुचाकीवरून जाताना मुली स्कार्फ बांधतात तोही उपयोगाचा, फक्त कापड उजेडाकडे धरल्यावर आरपार दिसत असेल तर त्यावर विसंबू नये.

काही महिन्यांत डागाच्या कडा स्थिर झाल्या, नवा भडका नाही, त्वचा ट्यूबवर अवलंबून नाही, अशी खात्री झाली की उरलेल्या शिरांचे काम निघते, आणि तेही जागा पाहून. नाकपुडीच्या कडेच्या जाड शिरा बहुधा वांगाच्या पट्ट्याबाहेर असतात. तिथे दोन-तीनच असतील तर विजेच्या बारीक सुईचा उपाय मला सर्वांत समंजस वाटतो. टोक सोडून सगळीकडे इन्सुलेशन असलेली सुई शिरेवर थोड्या थोड्या अंतराने टेकवून क्षणभर प्रवाह सोडतात. पुढच्या क्षणी ती रेष पुसल्यासारखी जाते. इथे प्रकाशच नाही, त्यामुळे मेलॅनिन लक्ष्य ठरत नाही. प्रत्येक टोच ही छोटी जखम असते, बारीक खपली धरते आणि ती नखाने काढली तर डाग ठरलेला. म्हणून गालभर पसरलेल्या जाळ्यावर हा उपाय नाही. जाळे मोठे असेल तर याग लेझर, पण झोताआधी व नंतर थंडावा, झोतांमध्ये अंतर, आणि शीर आकसली किंवा क्षणभर काळवंडली की तिथेच थांबणे. त्याच शिरेवर खात्रीसाठी आणखी एक झोत मारण्याचा मोह टाळणारा डॉक्टर चांगला. प्रत्यक्ष डागावरच्या शिरा मात्र, माझ्या मते, बहुतेक वेळा तशाच राहू द्याव्यात.

म्हणून लेझरची वेळ घेण्याआधी दोन गोष्टी करा. गेल्या दोन-तीन वर्षांत चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब, अर्धी संपलेलीसुद्धा, पिशवीत घालून त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. आणि कानाजवळ झोताचा एक चाचणी-ठिपका मारून चार ते सहा आठवडे वाट पाहायला जिथे तयारी नसेल, तिथे पैसे भरू नका.