उभ्या गाडीचं पेट्रोल

2021 मध्ये महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हापासून शिरूर-दौंडकडे दराच्या नावाने बोटं मोडणं थांबलेलं नाही. तक्रार रास्तच आहे. पण तेच महागडं पेट्रोल शिक्रापूरच्या कोंडीत इंजिन चालू ठेवून जळतं, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. उभी मोटार तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पिते. एसी चालू असेल तर आणखी. ‘बंद करून पुन्हा चालू केली की जास्त जळतं’ ही समजूत कार्बोरेटरच्या जमान्यातली. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं असेल, तर इंजिन बंद करणंच स्वस्त.

सोलापूर रस्त्याला चौफुला, पाटस मागे पडलं की वेग वाढतोच. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्याचं मोल टाकी मोजते. उसाच्या ट्रॉलीमागे सारखी रेस, सारखा ब्रेक, हे तर त्याहून वाईट: प्रत्येक ब्रेकला कमावलेला वेग उष्णता होऊन वाया जातो.

टायरमधली कमी हवाही इंधन खाते. पंपावर ती मोफत मिळते, महिन्यातून दोनदा तरी तपासून घ्यावी.