थंडी टिकवणारा ट्रक

नाशिकहून न्हावाशेवा बंदराकडे निघालेला पांढरा कंटेनर रस्त्यात दिसला, की बहुतेकांना तो चाकांवरचा फ्रीज वाटतो. गरम माल आत ठेवा, दार लावा, थोड्या वेळाने गार. या समजुतीमुळे आजवर किती द्राक्षे वाया गेली असतील, याची गणती नाही. रीफर कंटेनर माल थंड करण्यासाठी बनवलेलाच नसतो. थंड करून आत ठेवलेला माल थंडच ठेवायचा, एवढेच त्याचे काम.

हिशेब साधा आहे. चाळीस फुटी कंटेनरमध्ये साधारण १२-१३ टन द्राक्षे मावतात. द्राक्षात चार-पंचमांश पाणी, म्हणून ती तापायलाही वेळ लागतो आणि निवायलाही. २५ अंशांवरचा हा माल शून्यावर आणायचा, तर जवळपास साडेतीन टन बर्फ वितळवण्याइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. कंटेनरच्या तोंडाशी बसवलेले यंत्र कागदावर हे काम दिवस-सव्वा दिवसात करील. प्रत्यक्षात थंड वारा गच्च रचलेल्या पेट्यांच्या पोटात शिरत नाही. तो कडेकडेने फिरतो आणि मधला माल कित्येक दिवस कोमट राहतो. त्या दिवसांत मधल्या घडांचे जे वय वाढते, ते पुढे कितीही थंडी दिली तरी कमी होत नाही.

म्हणून खरी लढाई ट्रक लागण्याआधी, पॅकहाऊसमध्ये होते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात निर्यातीची काढणी पहाटे सुरू होऊन ऊन चढण्याआधी थांबवतात, ती केवळ मजुरांच्या सोयीसाठी नव्हे. मार्चमध्ये दुपारी एकला कापलेला घड आणि सकाळी सातला कापलेला घड यांच्या पोटातल्या तापमानात सहज दहा-बारा अंशांचे अंतर असते. वेलीवरून तुटलेला घड मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो. आतली साखर जाळतो, उष्णता आणि पाणी सोडतो. तापमान दहा अंशांनी वाढले, की हा श्वास दुपटीने किंवा त्याहूनही वेगाने चालतो. आंबा किंवा केळी यांच्यासारखे द्राक्ष काढणीनंतर पिकत नाही, त्यामुळे त्यात नवी गोडीही येत नाही. बागेतून निघताना जे होते, त्यातून फक्त खर्च होत राहतो.

प्री-कूलिंगच्या खोलीत पेट्यांच्या दोन रांगांवर ताडपत्री ओढून मोठा पंखा लावतात. तो पंखा पेट्यांच्या भोकांतून थंड हवा जबरदस्तीने ओढून घेतो, म्हणजे वारा मण्यामण्यांमधून वाहतो. सहा ते आठ तासांत माल तीन-चार अंशांच्या खाली येतो. मग कोल्ड स्टोरेजमध्ये शून्याच्या आसपास मुक्काम. गाडी लागल्यावर जाणता पॅकहाऊसवाला भिंतीवरचा आकडा बघत नाही. अणकुचीदार तापमापक मण्यात खुपसून गराचे तापमान बघतो, कारण खोलीची हवा थंड असली म्हणजे फळही थंड झाले असे नव्हे.

घडाची पहिली तक्रार देठ करतो. मण्यावर मेणचट पांढुरका थर असतो, तो पाणी धरून ठेवतो. देठाला असे संरक्षण नाही. घडाच्या वजनातले दोन-तीन टक्के पाणी उडाले, तरी हिरवा देठ तपकिरी होऊ लागतो. मग मणी कितीही टणक असोत, परदेशातला खरेदीदार आधी देठ बघतो. (आपणही बाजारात तेच बघावे. देठ काडीसारखा वाळलेला असेल तर विक्रेत्याच्या ‘आजचाच माल’वर विश्वास ठेवू नये. आणि घरी आणलेली द्राक्षे धुऊन फ्रीजमध्ये ठेवू नयेत. खाण्याच्या वेळी धुवावीत.) म्हणूनच खोलीत आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवतात.

पण जिथे ओलावा तिथे बुरशी. राखाडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, शून्य अंशांवरही हळूहळू वाढते. एका फुटक्या मण्यातून ती शेजाऱ्यात जाते आणि पेटीभर जाळे विणते. थंडी तिला रोखत नाही, फक्त तिची चाल मंद करते. तिच्या बंदोबस्तासाठी प्रत्येक पेटीत एक कागदी पॅड ठेवलेले असते. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते, हवेतल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. पहिल्या एक-दोन दिवसांत एक मोठा झोत, नंतर आठवडेच्या आठवडे अगदी मंद पुरवठा, अशी त्याची रचना असते.

थंडीची साखळी तुटली की नुकसान कसे होते, ते या पॅडवरूनच कळते. कंटेनरचे दार उघडले, उरणची दमट हवा आत शिरली आणि थंड मण्यांवर दव साचले. ओलावा वाढताच पॅड ठरल्यापेक्षा जास्त वायू सोडते. मण्यांचा रंग उडतो, देठाजवळ पांढुरके डाग पडतात, चवीला गंधकाची छटा येते. पॅड लवकर संपून गेले, की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बुरशीला रान मोकळे. हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटमुळे धाप लागू शकते. म्हणून युरोपात आणि अमेरिकेत ताज्या द्राक्षांवरच्या त्याच्या अंशाला किलोमागे १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

रीफरमध्ये वारा खालून वर जातो. फरशीला उभ्या पट्ट्यांच्या खाचा असतात. यंत्र त्यांतून थंड हवा सोडते, ती पेट्यांमधून वर चढते आणि छतालगत परत येते. भिंतीवर लाल रेघ असते, माल तिच्यावर जाता कामा नये. वीस पेट्या जास्त बसवण्याच्या मोहात ती रेघ ओलांडली, की हवेची परतीची वाट बंद. द्राक्षासाठी यंत्र उणे अर्ध्या अंशाला लावतात. साखरेमुळे द्राक्षाचा गोठणबिंदू पाण्यापेक्षा खाली असतो, म्हणून हे चालते. आणखी एक गोष्ट नवख्यांना उलटी वाटते. उघड्या दाराने माल भरताना यंत्र बंद ठेवायचे असते. चालू ठेवले तर ते बाहेरची दमट हवा ओढते, नळ्यांवर बर्फ धरते आणि दार लागल्यावर ऐन गरजेच्या वेळी थकलेले असते.

या यंत्राच्या जन्मातली अडचण आपल्या रस्त्यांना फार जवळची वाटते. १९३०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मिनियापोलिसला फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने ट्रकवर टिकेल असे शीतयंत्र बनवले. थंडी निर्माण करण्याची कला जुनीच होती. ट्रकच्या हादऱ्यांनी सांधे निखळून यंत्र बंद पडायचे, ते त्याने सोडवले. शाळेची फारशी पायरी न चढलेल्या या माणसाला अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले ते १९९१ साली, मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

नाशिक ते न्हावाशेवा हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाटाला पर्याय मिळाला. या वाटेवर कंटेनरला वीज देतो तो डिझेलवरचा जेनसेट. बंदरात प्लग मिळेपर्यंत तो अखंड चालायला हवा. डिझेल वाचवण्यासाठी मध्येच तो बंद ठेवणे हा या धंद्यातला जुना आणि उघड आजार आहे. भिंतीत फोमचा जाड थर असल्याने मधला माल काही तास तग धरतो, पण दाराजवळच्या आणि वरच्या पेट्या आधी तापतात. मालात ठेवलेला बोटभर डेटा लॉगर ही सगळी चहाडी रॉटरडॅमला पोहोचल्यावर करतो. दर अनेकदा तिकडे पेटी उघडल्यावर ठरतो आणि कापणी महिनाभरापूर्वीच होऊन गेलेली असते.

त्यात २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तीन आठवड्यांच्या प्रवासात खपून गेलेली पॅकहाऊसमधली चूक पाच आठवड्यांत लपत नाही. प्री-कूलिंगचे दोन तास वाचवणाऱ्यांना २०२४च्या हंगामाने हे शिकवले.

या सगळ्यात ज्याचे तापमान कोणी मोजत नाही तो म्हणजे ड्रायव्हर. संध्याकाळी पॅकहाऊसला गाडी लावायची, भरणी आणि सील होईपर्यंत जागायचे, रात्री घाट उतरायचा, पहाटे बंदराच्या रांगेत उभे राहायचे. शरीराच्या घड्याळानुसार रात्री दोन ते पहाटे पाच-सहा हा झोपेच्या अनावर ओढीचा काळ, आणि नेमका तोच या वाहतुकीचा भर. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांत दिसले आहे. चहा आणि तंबाखूने डोळे उघडे राहतात, पण मेंदू क्षणभराच्या डुलक्या घेतच राहतो. ताशी साठच्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर रस्ता न बघता चालवलेली गाडी. २०२५पर्यंत लागू असलेला १९६१चा मोटर वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तासांचे काम सांगत असे. रांगेतले तास त्यात कोण धरत असे?

रांगेत गाडीतच डोळा लागतो. जेनसेटचा धूर साचेल अशा बंदिस्त जागी, काचा लावून झोपणे धोक्याचे असते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा उघड्या ठेवाव्यात, तर मार्चमधली उरणची हवा. मागे १३ टन द्राक्षे उणे अर्ध्या अंशावर आणि पुढे केबिनमध्ये ओला टॉवेल मानेवर घेतलेला माणूस. २०२५पासून नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. आज रस्त्यावर असलेले बहुसंख्य ट्रेलर त्याआधीचे आहेत.